जुना पाना : कपाटांत कीं हातांत ?

संस्कृत व्याकरणांत जीं सहा कारकें सांगितलीं आहेत, त्यांत 'करण' हें एक आहे. क्रिया सिद्धीस नेण्यास जें सर्वांत अधिक उपयोगी पडतें तें करण, असा शास्त्रकारांच्या व्याख्येचा आशय आहे. तृतीया विभक्ति शिकवितांना 'तो कुऱ्हाडीनें लांकूड तोडतो' हें उदाहरण आम्हीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. परंतु ज्या वर्गांत कुऱ्हाड ही तृतीयेचें उदाहरण म्हणून तोंडपाठ होते, त्या वर्गांतील फार थोड्या मुलांना ती हातांत कशी धरावी हें ठाऊक असतें. आमच्या सुशिक्षित घरांत करणाची व्याख्या आहे. करणें मात्र दिवसेंदिवस नाहींशीं होत आहेत. नळ गळूं लागला कीं नळवाल्यास निरोप पाठवावा, आणि तो येईपर्यंत गळतीखालीं बादली लावून बसावें, हा घरोघरचा क्रम झाला आहे. अशाच एका दुर्लक्षित करणाविषयीं आज वाचकांशीं चार गोष्टी बोलावयाच्या आहेत. तें करण म्हणजे मळसूत्राच्या योगानें ज्याचा जबडा लहानमोठा करतां येतो तो पाना. कारखान्यांतील लोक त्यास स्क्रू पाना म्हणतात.

नाम आणि सर्वनाम

ज्या भगिनींना यंत्रांशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं प्रथम थोडा खुलासा केला पाहिजे. दोन लोखंडी भाग एकत्र जखडण्यास बोल्ट घालतात व त्याच्या आट्यांवर नट चढवितात. हा नट रंगभूमीवरील नव्हे. हा बहुधा षट्कोनी असतो आणि आपली जागा सहसा सोडीत नाहीं! तो फिरविण्यासाठीं त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू घट्ट पकडील असा जबडा लागतो. साध्या पान्याचा जबडा कायमचा एकाच मापाचा असतो, म्हणून जितकीं मापें तितके पाने बाळगावे लागतात. स्क्रू पान्याला दोन जबडे असतात. एक दांड्याशीं अखंड घडविलेला आणि दुसरा सरकता. सरकत्या जबड्याखालीं एक खरबरीत गुंडी असते. ती अंगठ्यानें फिरविली कीं तिच्या मळसूत्रामुळें जबडा पुढेंमागें होतो व येईल त्या नटाला तो बसवितां येतो.

शाळेच्या भाषेंत सांगावयाचें तर साधा पाना हें नाम आहे आणि स्क्रू पाना हें सर्वनाम आहे. सर्वनाम कोणत्याही नामाची जागा घेऊं शकतें, हा त्याचा मोठा गुण. पण ज्या लेखांत 'तो', 'ती', 'तें' यांचीच दाटी होते त्याचा अर्थ जसा ढिला पडतो, तसाच ढिलेपणा या पान्याच्या अतिवापरानेंही येतो. ज्या नटासाठीं नेमक्या मापाचा पाना हाताशीं आहे तेथें तोच वापरावा. जेथें तो मिळत नाहीं तेथें स्क्रू पान्यासारखा मित्र नाहीं.

या पान्याची कुळकथा

हें अवजार जन्मास आलें तें मापांच्या अराजकांतून. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडांत वाफेचीं यंत्रें धडाक्यानें होऊं लागलीं. परंतु प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे आणि नटही निराळे असत. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या यंत्रास बसत नसे. इ. स. १८४१ मध्यें जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञानें आट्यांचा कोन ५५ अंशांचा असावा आणि अमुक जाडीच्या बोल्टास इंचामागें अमुक आटे असावेत, अशी पद्धति सुचविली. ती पुढें ब्रिटिश साम्राज्यभर आणि अर्थात् हिंदुस्थानांतही पसरली. योगायोग असा कीं, त्याच १८४१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत लोरिंग कोज या कारागिरानें मळसूत्रानें सरकणाऱ्या जबड्याच्या पान्याचें पेटंट घेतलें. पुढच्याच वर्षाच्या सुमारास इंग्लंडांतील रिचर्ड क्लायबर्न यानेंही आपल्या रीतीचा तसा पाना बनविला. म्हणजे एकीकडे मापें एक करण्याचा प्रयत्न आणि दुसरीकडे मापें एक होईपर्यंत निभावून नेणारें अवजार, अशा दोन्ही गोष्टी जोडीनेंच पुढें आल्या.

आज आपण ज्या आकाराचा स्क्रू पाना बाजारांत पाहतों तो मुख्यतः स्वीडनमधील योहान पेतर योहान्सन या गृहस्थाचा. यानें १८८६ सालीं एन्शोपिंग नांवाच्या गांवीं एक लहानसा कारखाना काढला. दुरुस्तीच्या कामाला निघतांना निरनिराळ्या मापांच्या पान्यांचें ओझें बरोबर न्यावें लागे आणि तरीही नेमकें हवें तें माप त्यांत नसे, हें त्याच्या मनांत सलत होतें. १८८८ सालीं त्यानें नळ धरण्याच्या पान्याचें पेटंट घेतलें, आणि १८९१-९२ च्या सुमारास नटासाठीं डोक्यांतच गुंडी असलेला, एका हातानें जुळवितां येणारा पाना सिद्ध केला. स्टॉकहोमच्या एका व्यापारी पेढीनें तो जगभर नेला. योहान्सनच्या नांवावर शंभरावर पेटंटें जमा झालीं, आणि १९४३ सालीं नव्वदीच्या घरांत तो निवर्तला.

आमच्याकडेही त्याच काळांत एका शिक्षकाच्या हातांत पाना आला होता, हें आम्हां शाळामास्तरांना विशेष अभिमानाचें वाटतें. मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यांत्रिक चित्रकला शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं शिक्षकाची नोकरी सोडली आणि बंधु रामूअण्णा यांच्यासह बेळगांवांत सायकलींचा व्यवसाय चालविला. पुढें लोखंडी नांगर आले, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पांढरपेशा घरांतील मुलानें हात काळे करण्यांत कमीपणा मानण्याचा तो काळ होता. पुढील सगळी भरभराट प्रथम त्या काळ्या झालेल्या हातांची आहे, हें विसरतां कामा नये.

करंजाचा पाना

आतां आमच्या पान्याकडे वळूं. करंजा हें द्रोणागिरीच्या पायथ्याचें समुद्रकांठचें गांव. आज तें उरण तालुक्यांत आहे; जुन्या कागदपत्रांत मात्र उरणचा मुलूख पनवेल तालुक्याचा पोटभाग म्हणून नोंदलेला सांपडतो. समोर धरमतरची खाडी आणि पलीकडे रेवस. मासेमारी हा येथला पिढीजात धंदा. पूर्वीं शिडावर चालणाऱ्या होड्यांना स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत हळूहळू डिझेलचीं इंजिनें बसलीं, आणि नाखवा व खलाशी यांच्या जोडीला किनाऱ्यावर एक नवीन मनुष्य आला, तो म्हणजे इंजिनाचा मिस्त्री. त्यानें शाळेंत फारसें पाऊल टाकलेलें नसे. पण इंजिनाचा आवाज ऐकून त्याच्या पोटांत काय दुखतें आहे हें तो वैद्याप्रमाणें सांगे.

अशा एका वयोवृद्ध मिस्त्रींची दोन मुलें आमच्या हाताखालीं शिकून गेलीं. गेल्या चैत्रांत आम्ही त्यांच्या दारावरून जात असतां भंगारवाल्याची हातगाडी उभी होती आणि तागडींत जुनें लोखंड पडत होतें. गाडीच्या कडेस हातभर लांबीचा एक काळपट पाना आम्हांस दिसला. डोक्यावरील अक्षरें बहुतेक झिजलीं होतीं. 'स्वीडन' हा देशाचा शब्द तेवढा इंग्रजी लिपींत लागत होता. दांड्याच्या टोंकास भोंक असून त्यांत सुतळीची गांठ अजून तशीच होती.

आम्हीं विचारलें, "मिस्त्री, हाही विकतां काय ?"

ते म्हणाले, "गुरुजी, याला आतां भाव नाय, नुसता वजन हाय. पोरगा बोलतो, घरात लोखंड ठेवून काय करायचा."

आम्हीं पाना उचलून पाहूं लागलों तेव्हां ते ओट्यावरून उतरून जवळ आले. त्यांनीं सांगितलें तें असें. त्यांच्या वडिलांनीं हा पाना मुंबईस दारूखान्यांत घेतला होता. तेथें जुनीं जहाजें मोडतात आणि त्यांतील दोरखंडापासून भांड्यांपर्यंत सर्व वस्तु विकावयास येतात. वडिलांमागें तो मिस्त्रींकडे आला. सुतळीचा अर्थ आम्हीं विचारला. मिस्त्रींनीं ती मनगटाला कशी बांधीत हें करून दाखविलें आणि म्हणाले, "दर्यात इंजिन बंद पडला, लाट हाय, हातातना पाना सुटला तर काय करायचा ? तिथं दुकान नाय. सात-आठ माणसांचा जीव या सुतळीवर."

आम्हीं किंमत विचारली. ती त्यांनीं घेतली नाहीं. पण एक अट घातली. "कपाटात ठेवणार असाल तर नको. तिकडं पडण्यापेक्षा भट्टीत गेलेला बरा. वापरणार असाल तर न्या." आम्हीं अट मान्य केली आणि पाना घरीं आणला.

अटीचा प्रश्न

अट मान्य करणें सोपें होतें. घरांत तो एक वादाचाच विषय झाला. आमचे चिरंजीव म्हणाले, अशा वस्तूंना हल्लीं मोठी प्रतिष्ठा आहे. घासूनपुसून चकचकीत करावी आणि दिवाणखान्यांत लांकडी फळीवर लावावी. मुंबईच्या चोरबाजारांत जुनीं अवजारें अशीच उजळून मांडलेलीं असतात, हें त्यांचें म्हणणें खरें होतें. सूनबाईंचें मत असें कीं, जुनी वस्तु वापरली तर मोडेल, आणि मोडली तर पुन्हां मिळावयाची नाहीं. हाही आक्षेप टाकाऊ नव्हे.

आमचा विचार असा झाला. तांब्याची समई, देवघरांतील घंटा, आजीची जातीं-पाटे या वस्तु आपण जुन्या म्हणून जपतों. पण त्यांतील समई आणि घंटा रोज वापरांत आहेत म्हणूनच त्या जिवंत वाटतात. जें जातें वापराविना अंगणांत पडलें आहे त्याचा खुंटा कसा ठोकावा हें आतां घरांत कोणासच ठाऊक नाहीं. वस्तु जपून ठेवली तरी ती वापरण्याची विद्या कपाटांत ठेवतां येत नाहीं. ती हातांतूनच हातांत जावी लागते. ज्या वस्तूचा दुसरा नमुनाच नाहीं ती संग्रहालयांत शोभेल. पण आमच्यासारखे पाने कारखान्यांतून पुष्कळ निघाले आहेत. तेव्हां तो सांभाळून वापरावा हेंच योग्य ठरलें.

साफ करण्याची रीत

ज्या वाचकांच्या माळ्यावर असें एखादें अवजार पडलें असेल त्यांना उपयोगी पडेल म्हणून आमची रीत येथें देतों. प्रथम पाना रॉकेलमध्यें दोन-तीन दिवस बुडवून ठेवावा. मग नारळाच्या काथ्यानें अगर पितळी तारांच्या ब्रशानें घासावा. कानस किंवा घासण्याचें यंत्र लावूं नये. त्यानें गंजाबरोबर अक्षरेंही जातात, आणि अक्षरें गेलीं कीं वस्तूची जन्मपत्रिका गेली. हट्टी गंजावर चिंचेचा कोळ रात्रभर लावून ठेवला तर तो पुष्कळ सुटतो. परंतु नंतर सोड्याच्या पाण्यानें धुऊन लागलीच कोरडा करावा, नाहीं तर आंबटपणा लोखंडास खात राहतो. शेवटीं गुंडीला आणि जबड्याच्या खांचेला यंत्राचें पातळ तेल द्यावें. समुद्रकांठच्या घरीं तर तेलाचा हात महिन्यांतून एकदां फिरवावाच.

वापरण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्यात. दांडा आणि डोकें यांच्या सांध्याशीं बारीक चीर आहे काय. जबडे समांतर आहेत कीं पुढें तोंड वासून आहेत. आणि सरकता जबडा वाजवीपेक्षां अधिक हलतो काय. यांपैकीं कोणताही दोष असल्यास मात्र त्या पान्यास खरोखरच फळीवर विश्रांति द्यावी.

विहिरीवरची परीक्षा

वैशाखांत पान्याची परीक्षा झाली. करंजाच्या बाजूस समुद्र तिन्ही अंगांनीं जवळ, म्हणून विहिरीचें गोडें पाणी हें धन समजलें जातें. आमच्या वाडींतील विहिरीवर तीर्थरूपांच्या वेळचा एक जुना पंप आहे. त्याच्या नळाच्या जोडाचें पॅकिंग गेलें, पंप हवा ओढूं लागला आणि पाणी वर येईना. उन्हाळ्याचे दिवस, घरांत तीन पिढ्या आणि सुटीस आलेलीं पाहुणे मंडळी. रहाटही कधींच काढून टाकलेला. बायकांनीं दोन दिवस दोर-बादलीनें पाणी शेंदलें.

दुरुस्तीस आलेल्या तरुणाजवळ नव्या पान्यांचा उत्तम संच होता. पण २३ मिलिमीटरचा पाना नटावर चढेना, आणि २४ चा चढून घसरे. दोनदां घसरल्यावर नटाचे कोपरे गोल होऊं लागले. तो म्हणाला, "काका, छिन्नीनें तोडूनच काढावे लागतील." तोडले असते तर जोडाचें जुनें बीडही तडकण्याचें भय होतें.

आमची नात यंत्रविद्येच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षास आहे. तिनें मापून पाहिलें. नटाची रुंदी २३·४ मिलिमीटर भरली. तेव्हां उलगडा झाला. हे अर्धा इंच जाडीच्या बोल्टाचे जुने व्हिटवर्थ नट होते. त्या पद्धतींत पान्यावर जबड्याचें माप नसून बोल्टाची जाडी लिहीत, आणि अर्ध्या इंची पान्याचा जबडा सुमारें ०·९२ इंच असे. आपल्या देशांत १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं. नवे पाने मिलिमीटरचे झाले, पण जुन्या विहिरींवरचे नट इंचांतच राहिले. दोन कालखंडांमधील या अर्ध्या मिलिमीटरच्या फटींत आमचें पाणी अडकलें होतें.

रात्रभर नटांना रॉकेल पाजलें. सकाळीं विजेचा मुख्य खटका बंद केला आणि मिस्त्रींना मुद्दाम बोलावून आणलें. ते विहिरीच्या कठड्यावर बसले. पाना नातीनें हातांत घेतला, गुंडी फिरवून जबडा नटावर अगदीं दाटून बसविला आणि जोर लावणार तोंच मिस्त्री म्हणाले, "थांब पोरी. हलता जबडा कुठल्या अंगाला हाय तो आधी बघ."

यांतच या पान्याचें सारें मर्म आहे. सगळा भार अखंड जबड्यावर पडला पाहिजे, सरकत्यावर नव्हे. म्हणून ज्या दिशेस दांडा ओढावयाचा त्या बाजूस सरकता जबडा ठेवावा. उलट धरल्यास नाजूक जबडा उघडूं पाहतो, नट घसरतो आणि बोटांची सालें निघतात. शिवाय पाना शक्यतों आपल्याकडे ओढावा, ढकलूं नये. ढकलावाच लागला तर मूठ उघडी ठेवून तळहातानें ढकलावा. दांड्यावर नळी चढवून जोर वाढवूं नये, आणि पान्याचा हातोडा तर कधींच करूं नये.

नातीनें पाना उलटा करून बसविला. पहिल्या दोन ओढींना कांहीं झालें नाहीं. तिसरीला बारीक करकर झाली आणि नट हलला. चारही नट शाबूत निघाले. दुरुस्तीवाल्या तरुणानें नवें पॅकिंग कापून दिलें, नट पुन्हां समोरासमोरच्या क्रमानें आंवळले, आणि दुपारच्या आंत पाणी हौदांत पडूं लागलें. नातीच्या हाताला रॉकेलचा वास येतो म्हणून तिच्या आजीनें प्रथम नाक मुरडलें. मग स्वतःच हात धुवावयास डाळीचें पीठ आणून दिलें, आणि मिस्त्रींना जेवल्यावांचून जाऊं दिलें नाहीं. जातांना मिस्त्रींनीं पान्याची गुंडी अंगठ्यानें एकदां फिरवून पाहिली व म्हणाले, "चालतो." आमच्या मतें यापेक्षां मोठें प्रशस्तिपत्र त्या पान्यास मिळावयाचें नव्हतें.

खंडेनवमीचा पाट

आश्विन शुद्ध नवमीस शस्त्रें व अवजारें पुजण्याची आपली जुनी वहिवाट आहे. शेतकऱ्याच्या घरीं कोयता-विळा, सुताराच्या घरीं रंधा-पटाशी पाटावर येते. आमच्यासारख्यांच्या घरीं पोथी, पाटी आणि लेखणी यांची पूजा होते, आणि अवजारांच्या नांवानें बहुधा स्वयंपाकघरांतील विळी तेवढी येते. गेल्या नवमीस आम्हीं पोथीशेजारीं हा पाना ठेवविला. एका आप्तांनीं विचारलें, "पोथीजवळ हें लोखंड कशाला ?" आम्हीं त्यांना एवढेंच सांगितलें कीं, 'यंत्र' हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ आंवरून धरणें असा आहे, आणि देवघरांतील यंत्राला व विहिरीवरील यंत्राला आपल्या पूर्वजांनीं एकच शब्द ठेवला, तो कांहीं कोशांत शब्द कमी पडले म्हणून नव्हे.

वाचकांस आमची विनंति एवढीच आहे. येत्या नवमीपूर्वीं एकदां माळा आणि जुनी पेटी पाहावी. जें अवजार सांपडेल तें कोणाचें होतें, कोठून आलें, कशासाठीं वापरीत, हें घरांतील वडील मंडळींना विचारून कागदावर लिहून ठेवावें, कारण सांगणारीं माणसें अवजारांपेक्षां लौकर जातात. मग तें साफ करावें, तेल द्यावें, आणि घरांतील एका मुलास व एका मुलीस तें धरावयास शिकवावें. स्वतःस येत नसेल तर गांवांतील एखाद्या जुन्या मिस्त्रीस मानानें घरीं बोलवावें. त्यानें फी मागितली तर आनंदानें द्यावी. शिकवणीची फी आपण इतरांना देतोंच. आमच्या घरीं पान्याची जागा आतां स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्यावर आहे. दांड्याच्या भोंकांतील जुनी सुतळी विरली होती. नातीनें तेथें नवी दोरी ओवली आहे, मनगटांत बसेल एवढ्या मापाची.